वहिनीची लट

“काका, वहिनी कशा आहेत?”

“मजेत.”

कॅमेरे भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात सकाळ बहुतेक याच दोन वाक्यांनी उजाडायची. फोनवर कुणीतरी कॅमेरामन असायचा, पुढच्या शूटिंगची जुळवाजुळव करणारा, आणि इकडे काका खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून लेन्स पुसत असायचे. दुकानात नवीन लागलेल्याला वाटायचं, व्वा, काय जिव्हाळ्याची माणसं आहेत, घरच्यांची चौकशी केल्याशिवाय धंद्याचं बोलत नाहीत! कसला जिव्हाळा आणि कसलं काय. चौकशी चालायची ती एका फाइलीची.

हे आधी नीट सांगायला हवं, नाहीतर इथूनच घोळ व्हायचा.

डिजिटल सिनेमा कॅमेऱ्यातून जे चित्र निघतं ते मुळात बघवत नाही. फिकट, मरगळलेलं, पाणी घातलेल्या दुधासारखं. त्यात सगळं असतं, पण दिसत काही नाही. मग त्याच्यावर रंगांचं गणित चढवायचं. लाल किती लाल, सावली किती काळी, गालावर खिडकीतला उजेड पडला तर तो कसा दिसावा. हे गणित ज्या फाइलीत भरलेलं असतं तिला या धंद्यात लट म्हणतात. केसांची नव्हे हो! कुठल्याशा लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती, पण सेटवरची मंडळी इतक्या सहज “जरा लट टाका” म्हणतात की ऐकणाऱ्याने डोक्यालाच हात लावावा. कॅमेऱ्यावर एक बटण असतं. दाबलं की लट लागते, पुन्हा दाबलं की जाते.

काकांनी बनवलेल्या लटेचं नाव होतं वहिनी.

“वहिनी लावा!” सेटवर हाकाटी व्हायची. “वहिनी काढा रे, उजेड तपासायचाय.” कुणी पाहुणा सेटवर आला असेल तर त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पण बटण दाबलं की पाहुण्याचंही तोंड बंद. कारण वहिनी लागली की समोरचं माणूस बदलायचं. कातडीवर एक मधाळ झाक यायची, डोळ्यांतला पांढरा भाग जुन्या हस्तिदंतासारखा मऊ व्हायचा, आणि कालपर्यंत साबणाच्या जाहिरातीत उड्या मारणारी नटी एकदम कुणाची तरी आठवण काढत बसल्यासारखी दिसायची. लोक म्हणायचे, हे खरं फिल्मचं चित्र. फिल्म कुणालाच वापरायची नव्हती, बरं का. महाग, कटकटीची, धुवायला लॅब नाही. पण चित्र मात्र फिल्मसारखं पाहिजे. म्हैस नको, साय हवी, अशातली गत. ती साय काकांकडे मिळायची.

काका तरुण होते तेव्हा फिल्म धुणाऱ्या लॅबमध्ये रंग जुळवायचे. तिथे सिनेमाच्या प्रत्येक रिळाच्या तोंडाशी एक छोटी पट्टी जोडलेली असायची. पट्टीवर एक बाई. खुर्चीवर बसलेली, हातात रंगांच्या चौकोनांचा तक्ता आणि शेजारी एक करडा पुठ्ठा. यंत्र बरोबर चाललंय की नाही हे त्या पट्टीवरून ठरायचं. ही बाई प्रेक्षकाला कधीच दिसायची नाही. तिला बघायचे फक्त लॅबवाले, आणि तेही तिला बघायचेच नाहीत. काकांच्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “चेहऱ्याकडे बघत बसू नकोस. चेहरा लाडीगोडी लावतो. करड्याकडे बघ. करडा करडा आला की बाकी सगळं आपोआप येतं.” काकांनी ते असं मनावर घेतलं की नंतर कुणाच्या घरी समारंभाला गेले तरी आधी भिंत कुठल्या रंगाची आहे ते सांगायचे आणि मग घरात कोण कोण होतं ते आठवायचे.

एकदा नव्या फिल्मची पेटी आली आणि नवी पट्टी काढायची वेळ आली. नेहमी बसणारी टेलिफोनवरची बाई नेमकी रजेवर. तेवढ्यात काकांची बायको डबा द्यायला आली होती, तिलाच काकांनी खुर्चीवर बसवलं. निळा स्वेटर, खांद्यावर पर्सचा पट्टा, हातात तक्ता. पट्टी झकास निघाली. करडा अगदी करडा आला. वस्तादांनी पाठ थोपटली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ती गेली. पोटात यकृताजवळ काहीतरी वाढलं होतं, आणि डॉक्टरांच्या हाती लागलं तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगी शाळेत होती. जे भेटायला येत त्यांना काका एकच वाक्य सांगायचे, “काही कळायच्या आत गेली हो.” पुढे भेटायला येणारे थांबले, तरी ते वाक्य काकांच्या तोंडात राहिलं. ते वाक्य होतं म्हणून माणूस उभा राहिला, असंच म्हणायला हवं. काही कळलंच नव्हतं, तर करणार काय?

मग लॅब बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, रिळं पोत्यांत भरून गेली, सगळ्या पट्ट्या, सगळ्या बाया गेल्या. काकांनी एक पट्टी तेवढी शर्टाच्या खिशात घालून घरी आणली.

लॅब सुटल्यावर ते या कॅमेऱ्यांच्या दुकानात लागले. दुकान एका विधवा मालकीणबाईंचं. नवऱ्यामागे सगळा पसारा त्यांनी एकटीने ओढला होता. बोलायला तिखट आणि मनाने सरळ. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एक दाढीवाला कॅमेरामन रोज येऊन डोकं खायचा. “काका, माणसं प्लास्टिकची दिसतात हो! जिवंत बाई समोर उभी आहे आणि पडद्यावर दुकानातली बाहुली दिसते. काहीतरी करा.” काकांनी घरून ती पट्टी आणली, उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि त्या पट्टीतले रंग डिजिटल कॅमेऱ्यात उतरवायला बसले. तक्त्यातले चौकोन पटापट जुळले. करडा जुळला. गाल मात्र काही केल्या जुळेना. शेवटी कातडीच्या रंगात थोडं पिवळं हाताने ढकललं, तेव्हा ती आली. पडद्यावर ती आली, आणि काका खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

दाढीवाला तर वेडाच झाला. “हीच! हीच ती फिल्मची जादू!” मग पेटीवरच्या पट्टीत वाकून बघत म्हणाला, “या कोण?”

“आमची मिसेस.”

“अरे वा, मग आमच्या वहिनीच की! कशा आहेत वहिनी?”

आता सांगा, अशा वेळी माणूस काय बोलणार? समोरचा आनंदाने नाचतोय, पडद्यावर ती बसलीय, अगदी कालची वाटावी अशी. काकांच्या तोंडून निघून गेलं, “मजेत.”

आणि ते ‘मजेत’ जे चिकटलं ते चिकटलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं, पण मग पहिल्यांदा खोटं का बोललात, हा प्रश्न आलाच. तिसऱ्यांदा तर ते लटेचं नावच होऊन बसलं होतं. दुकानात खरं काय ते एकट्या मालकीणबाईंना माहीत होतं आणि त्या या विषयात कधी पडल्या नाहीत.

मग ती शहरभर झाली.

काका रस्त्याने चालले की ती दिसायची. चौकातल्या उंच जाहिरातीवर एक नटी फोन कानाला लावून हसतेय, आणि गाल तिचे. न्हाव्याच्या दुकानात टीव्हीवर मालिका चाललीय, सासू सुनेला घराबाहेर काढतेय. सासूच्या कपाळावर तिचा उजेड, सुनेच्या गळ्यावर तिची सावली. एकदा एका खुन्याच्या चेहऱ्यावर ती दिसली तेव्हा काकांचं डोकंच फिरलं. न्हावी वस्तरा धरून थांबला. “काय झालं काका, हलू नका!” त्याला काय सांगणार? फरशी पुसायच्या औषधाच्या जाहिरातीतसुद्धा होती ती, तीही अगदी मन लावून.

सिनेमाला ते एकटेच जायचे. गोष्टीकडे लक्ष नाही, गाण्यांकडे नाही. मोठा चेहरा पडद्यावर यायची वाट बघत बसायचे. चेहरा आला, थोडा वळला, कानाच्या पाळीखाली ती मधाळ झाक उतरली, की काका पुढची खुर्ची धरून वाकायचे. दिवे लागल्यावर लोक उठून जायचे आणि हे बसलेलेच. झाडूवाला ओळखीचा झाला होता. म्हणायचा, “काका, सिनेमा संपला. बाई घरी गेली.”

घरी ती नसायची, हीच तर पंचाईत. घरी नुसता अंधार आणि धुवायची भांडी. ती दुकानात असायची. सकाळी सगळ्यांच्या आधी काका शटर वर करायचे, एकेक कॅमेरा काढून तपासायचे आणि प्रत्येकावर वहिनी लावून बघायचे. तपासायला समोर काहीतरी हवं म्हणून स्वतःचा हात धरायचे लेन्सपुढे. मॉनिटरवर आधी त्यांचाच हात दिसायचा, फिकट, शिरा वर आलेला, म्हाताऱ्याचा. मग बटण दाबायचे. त्या हातावर तिचा रंग चढायचा. बोटं काकांची, कातडी तिची. ते हात हळूच उलटा करायचे, पुन्हा सुलटा करायचे, आणि कितीतरी वेळ बटणाला हात लावायचे नाहीत. भीती वाटायची का? वाटायची. पण ही भीती त्यांना हवीहवीशी होती, त्याला कोण काय करणार?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालकीणबाईंनी नवे कॅमेरे आणले. “जुने सगळे काढून टाकतेय,” त्या म्हणाल्या. “आता कुणी विचारत नाही त्यांना. दाढीवाल्याचा मोठा सिनेमा आहे, पहिलं शूटिंग यांच्यावरच. त्याने एकच अट घातलीय.”

“वहिनी.”

“हो. बसवा तेवढी.”

काकांनी जुनी लट नव्या कॅमेऱ्यात घातली, बटण दाबलं, हात पुढे धरला, आणि झटकन मागेच घेतला. हात विटकरीसारखा लालभडक. नव्या कॅमेऱ्याचा डोळाच वेगळा, त्याला जुनं गणित मानवेना. जुने कॅमेरे तर जाणार. म्हणजे नव्यात ती उतरली नाही तर संपलंच. चौकातून जाणार, न्हाव्याच्या टीव्हीवरून जाणार, सकाळच्या हातावरून जाणार. एकदा गेलेलं माणूस पुन्हा घालवायचं? काका मालकीणबाईंना म्हणाले, “बसवतो. काय वाट्टेल ते करून बसवतो.”

सगळं मुळापासून करायला हवं होतं, आणि त्यासाठी समोर बसायला माणूस हवं होतं. पट्टीतल्या कातडीच्या जवळात जवळ जाणारी कातडी. काकांनी मुलीला फोन केला.

मुलगी आता लग्न होऊन दोन पोरांची आई झाली होती, आणि आईच्या वळणावर अशी गेली होती की काका कधीकधी तिच्याशी बोलताना दुसरीकडे बघायचे. तिला हे लटेचं प्रकरण मुळीच आवडायचं नाही. टीव्हीवर तशी झाक दिसली की ती चॅनेल बदलायची. “बाबा, आई काय मसाला आहे का, सगळ्यांवर भुरभुरवायला?” असं एकदा फटकन बोलली होती. पण या वेळी बाबांचा आवाज ऐकून ती नाही म्हणू शकली नाही. सुटीच्या दिवशी दुपारी पोरांना नवऱ्याच्या गळ्यात मारून आली.

दुकान बंद होतं. काकांनी मागच्या खोलीत खुर्ची मांडली, पट्टीत होता तसाच एका बाजूने दिवा लावला, आणि खुंटीवरचा एक निळा स्वेटर पुढे केला.

“हा आईचा?”

“नाही गं. तसाच बघून आणला.”

मुलीने स्वेटर घातला, तक्ता हातात धरला आणि बसली. काका मॉनिटरकडे वळले. शेजारच्या मोठ्या पडद्यावर पट्टीतली ती होती. दोघी एकाच बाजूला मान वळवून.

“हलू नकोस,” काका म्हणाले.

काम झपाझप झालं. हिरवा जुळला, निळा जुळला, तक्त्याच्या कोपऱ्यातला पांढरा जुळला. करडा तर पहिल्याच झटक्यात करडा. काकांची बोटं तरुण झाली होती. राहिले गाल. लेकीची कातडी आईचीच होती, नवा कॅमेरा उत्तम होता, तरी पडद्यावर मुलगी मुलगीच राहिली. मग काकांनी नेहमीसारखं ते पिवळं बोटाने ढकललं. थोडं. अजून थोडं. आणि हळूहळू मुलगी मागे सरत गेली आणि तिच्या जागी ती येऊन बसली.

काकांच्या डोळ्यांना धार लागली. “बघ,” ते म्हणाले. “बघ, आली.”

मुलगी उठून मॉनिटरसमोर आली. काकांनी चित्र थांबवून ठेवलं होतं. तिने स्वतःकडे बघितलं, मग पट्टीतल्या आईकडे बघितलं, पुन्हा स्वतःकडे.

“बाबा, मी आजारी दिसतेय.”

“फिल्मची झाक आहे ती. फिल्म कातडीला ऊब देते. डिजिटलला तेच तर जमत नाही.”

“ऊब नाही ही. डोळे बघा माझे.” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “गेल्या वर्षी धाकट्याला कावीळ झाली होती ना, तेव्हा डॉक्टरांनी खालची पापणी ओढून मला दाखवलं होतं. अस्सेच डोळे होते त्याचे.”

“अगं, फिल्मचं असतंच तसं—”

“मग हा पांढरा का नाही पिवळा झाला?” तिचं बोट आता मोठ्या पडद्यावर होतं, आईच्या हातातल्या तक्त्यावर, कोपऱ्यातल्या पांढऱ्या चौकोनावर. “दिवा तोच, फिल्म तीच. तक्त्यातला पांढरा पांढराशुभ्र आहे. आईच्या डोळ्यांतला पांढरा मात्र पिवळा आहे. असं कसं, बाबा?”

काकांनी तोंड उघडलं. उत्तर होतं त्यांच्याकडे. या प्रश्नाची उत्तरं देण्यातच तर आयुष्य गेलं होतं. कातडीचं वेगळं असतं, लालसर रंग फिल्म वेगळ्या पद्धतीने धरते, वगैरे वगैरे. पण डोळ्यांतला पांढरा म्हणजे कातडी नव्हे. पांढरा तो पांढराच. हे शाळेतल्या पोरालाही कळावं. चेहऱ्याकडे बघू नकोस, करड्याकडे बघ. त्यांनी इतकी वर्षं करडा बघितला होता आणि करडा बरोबर होता. यंत्रात काही बिघाड नव्हता. फिल्म चोख होती. फिल्मने समोर जे होतं तेच दाखवलं होतं.

“आई कुठे निघाली होती?” मुलीने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता तिचा.

“डबा द्यायला आली होती.”

“डबा तुम्ही सकाळीच न्यायचात, बाबा. मी शाळेला निघायचे तेव्हा तो तुमच्या हातात असायचा. आणि ही पर्स बघा. खांद्यावरून उतरवलीसुद्धा नाहीये तिने.”

काका खाली बसले.

तिने दारात उभं राहून म्हटलं होतं, येता का जरा माझ्याबरोबर? बरं वाटत नाहीये. काका म्हणाले होते, बरी आलीस, बस जरा खुर्चीत, मग जाऊ. ती बसली होती. मध्येच म्हणाली होती, अहो, गरगरतंय. आणि काका दिव्यामागून म्हणाले होते, हलू नकोस. मग यंत्र अडकलं, वस्तादांनी हाक मारली, आणि ती वाट बघून एकटीच निघून गेली. कुठे येऊ, हे त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. हे सगळं ते विसरले होते म्हणावं तर तसं नाही. त्याच्यावर डबा ठेवून दिला होता एवढंच.

“मी बघत होतो गं,” ते म्हणाले. “रंगच तर बघत होतो. अख्ख्या लॅबमध्ये माझ्याइतका पक्का डोळा कुणाचा नव्हता.”

मुलीला भरून आलं. तिला रागही आला होता. कुणावर ते तिलाच कळेना. तिने स्वेटर काढला, घडी केली, घडी मोडली, पुन्हा केली. मग बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “चला घरी. आज माझ्याकडे चला.”

“तू हो पुढे. पोरं वाट बघत असतील. मी आवरून येतो.”

“नक्की?”

“नक्की.”

ती गेल्यावर काकांनी मोठ्या पडद्यापुढे खुर्ची ओढली. पट्टीतल्या तिच्या चेहऱ्यावरचं पिवळं उतरवायचं त्यांनी ठरवलं. जे इतकी वर्षं घरोघर ढकललं ते आता उलटं ओढायचं. म्हणजे मग ती दिसेल, खरी, धडधाकट, आजारापूर्वीची. बस्स, एवढंच हवं होतं त्यांना. त्यांनी आधी डोळे पांढरे केले. मग कपाळ, मग गाल, मग गळा. अगदी नाजूक हाताने, कुणाचं तोंड पुसावं तसं.

पिवळं गेलं. आणि खाली धडधाकट बाई काही निघाली नाही.

खाली एक दमलेली बाई होती. ज्याला कॅमेरामन लोक स्वप्नाळू म्हणत, कुणाची तरी आठवण काढणारी म्हणत, ते सगळं त्या मधाच्या थरातलं होतं. थर निघाल्यावर नुसती एक बाई खुर्चीवर बसलेली राहिली. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं, तक्ता धरलेली बोटं पांढरी पडलेली. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती दिव्याच्या मागे बघत होती, जिथे काका उभे होते. तिचं मागणं अगदी साधं होतं. हा कधी एकदा “झालं” म्हणतो आणि मला उठू देतो. तेवढ्यासाठी ती बसली होती. तेव्हापासून आजपर्यंत, हजारो अनोळखी तोंडांवर, फरशीच्या औषधापासून खुन्यापर्यंत, ती तिथेच बसली होती, न हलता, कारण नवऱ्याने सांगितलं होतं. आणि नवरा रोज सकाळी बटण दाबून तिला परत खुर्चीवर बसवत होता.

काकांना हुंदका आला. रिकाम्या दुकानात तो फार मोठा वाटला. मग ते पडद्याच्या अगदी जवळ गेले.

“झालं,” ते म्हणाले. “झालं गं. ऊठ आता.”

त्यांनी लट पुसली. नव्या कॅमेऱ्यातली, जुन्यांतली, कपाटातल्या डिस्कवरची, सगळीकडची. मग मुलीकडे जेवायला गेले. जेवताना धाकट्या नातवाचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला आणि त्याचे डोळे बघितले. पोरगं खिदळायला लागलं. मुलगी ताट वाढता वाढता थांबून बघत राहिली.

सकाळी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. बाई भडकल्या. “गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू मी?” इथपासून सुरुवात झाली. मग काकांच्या तोंडाकडे बघून त्या मध्येच म्हणाल्या, “चहा घ्या आधी.” चहा अर्धा होतोय तोवर दाढीवाला आलाच. सोबत त्याची माणसं, दाराशी गाडी, शूटिंगची घाई. दाढी आता पांढरी झाली होती, पण उत्साह तोच.

“काय काका! वहिनी कशा आहेत?”

काकांच्या जिभेवर ‘मजेत’ येऊन थांबलं होतं, सवयीने. त्यांनी ते गिळलं.

“वहिनी गेल्या.”

दाढीवाला हसला. “गेल्या म्हणजे? फाइल उडाली? अहो, आज पहिला शॉट आहे माझा!”

“फाइल मी पुसली. फाइलीचं नाही म्हणत मी.”

दाढीवाल्याचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, मग ओसरलं. त्याने मालकीणबाईंकडे बघितलं. त्या कपातल्या चहाकडे बघत होत्या. तो पुढे झाला, काकांच्या दंडाला धरलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “कधी?”

‘काही कळायच्या आत,’ हे वाक्य काकांच्या तोंडात किती वर्षं राहिलं होतं. त्यांनी ते शोधलं. ते तिथे नव्हतं.

“मी बघत होतो तेव्हाच,” ते म्हणाले.

मग त्यांनी कॅमेऱ्याची पेटी उचलून दाढीवाल्याच्या गाडीत नेऊन ठेवली.